गवत, पाणी, शेवाळ: बेळगाव-खानापूरच्या पावसात आवार मोकळं ठेवणारी यंत्रं कशी निवडावीत, कशी सांभाळावीत

गणपतीच्या आधी आठ दिवस जांबोटीकडच्या आमच्या जुन्या घराचं फाटक उघडायला गेलो, ते अर्ध्यावरच अडकलं. आतून गवतानं धरून ठेवलं होतं. अंगणात कमरेएवढं रान, तुळशीकट्ट्याच्या पायरीवर हिरवंगार शेवाळ, आणि मागच्या दारी घोटाभर साचलेलं पाणी. पडवीत गवत कापायचं मशीन होतं, पेट्रोलवरचा पंपही होता. दोन्ही सुरू होईनात. आदल्या दिवाळीला वापरून जसे ठेवले होते तसेच होते.

दोन्ही गाडीत घालून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींकडे नेले. त्यांनी पंपाच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) सोडवला आणि खालची वाटी माझ्या हातात दिली. तळाला काकवीसारखा चिकट थर बसलेला, जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, पूर्ण बुजलेलं. "आण्णा, मशीन वापरून खराब होत न्हाई की ओ, ठेवून खराब होतंय." त्या दिवसापासून मी वही ठेवली आणि स्वतःच्या दोन घरांबरोबर भावकीतल्या तीन-चार आवारांचीही यंत्रं सांभाळू लागलो. पुढे लिहिलंय ते सगळं त्या वहीतलं आहे.

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात, त्यामुळे आपल्याकडे गल्लीगल्लीत एखादा फौजी सापडतोच. लडाखमधल्या द्रासला असताना छपरावरचा बर्फ ते पडत असतानाच ओढायचे. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, दबून बसला की तीनशेच्या वर जातो, आणि एकदा गोठला की फावडं सोडून कुदळ घ्यावी लागते. आपल्याकडे बर्फ नाही, पण गवत, गाळ आणि शेवाळ यांची चाल अगदी तीच. गुडघ्याखालचं गवत मशीनच्या नायलॉन दोरीनं कापता येतं, कमरेपर्यंत गेलं की पातं लागतं, आणि दिवाळीपर्यंत ठेवलं की दुप्पट मजुरी.

आधी आवार मोजा, मग दुकानात जा

आपला जिल्हा एकसारखा नाही. कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात मुसळधार, बेळगाव शहरात त्याहून बराच कमी, आणि अथणीकडे गेलात तर पावसाची वाट बघावी लागते. त्यामुळे "शेजाऱ्यानं घेतलं म्हणून" हा हिशेब इथे चालत नाही. खानापूरच्या पश्चिमेकडे घर असेल तर पहिला खर्च गवतावर करा. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या बळ्ळारी नाल्याच्या बाजूला असाल तर पाण्यावर. निपाणीकडची काळी माती असेल तर साध्या पाण्याच्या पंपाचा विचार सोडा, चिखल ओढणारा लागेल.

आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात, जोरात पाऊस लागला असताना छत्री घेऊन आवाराला एक फेरी मारा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं, हे त्या अर्ध्या तासात कळतं ते उन्हाळ्यात कितीही बघितलं तरी कळत नाही. जिथे थांबतं तिथे खुंटी ठोका. पाऊस थांबल्यावर एका तासानं परत बघा. पाणी आपोआप उतरलं असेल तर तिथे पंप नको, एक चर पुरे.

मग आकडे. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर नुसत्या छपरावरून नऊ हजार तीनशे लिटर पाणी खाली येतं, जवळजवळ दोन टँकर. ते अंगणात सोडायचं की पन्हळीतून थेट गटारात न्यायचं, हे ठरवलंत की अर्धा पंप वाचला. गवतासाठी गुंठे मोजा. चढ, बांध, झाडांची बुंधं, तारेचं कुंपण, सगळं कागदावर काढा. दोन गुंठे सपाट अंगण आणि दोन गुंठे उताराचा बांध यांना एकच मशीन चालेल असं समजू नका.

आणि विकत घ्यायलाच हवं का, हेही तेव्हाच ठरतं. वर्षातून दोनदाच कापणी असेल, जागा चार-पाच गुंठ्यांपर्यंत असेल, तर तासाच्या हिशेबानं मशीन घेऊन येणारा माणूस बोलावणं स्वस्त पडतं. तिसऱ्यांदा बोलवायची वेळ येत असेल तरच खरेदीचा विचार करा. शेतजमीन नावावर असेल तर आपल्या होबळीच्या रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या कार्यालयात) यंत्रांवरच्या अनुदानाची चौकशी जरूर करा. फ्रूट्स आयडी (शेतकरी नोंदणीचा क्रमांक), आधार, बँक पासबुक आणि जमिनीचा उतारा बरोबर न्या, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही.

हातातली हत्यारं

कोयता, खोरं, घमेलं, खराटा, लांब दांड्याचा रबरी वायपर. या पाच वस्तू चांगल्या असतील तर यंत्राचं निम्मं काम कमी होतं. खोऱ्याचा दांडा घेताना लाकडाचे धागे दांड्याच्या लांबीला सरळ गेलेले बघा. आडवे गेलेले असतील तर ओल्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात मोडतो. हंगाम संपला की माती खरवडा, पात्याला जुनं इंजिन ऑइल आणि दांड्याला जवसाचं तेल पुसा, टांगून ठेवा. जमिनीला टेकवून ठेवलेलं खोरं खालून गंजतं.

गवत कापायचं मशीन

दुकानात गेलात की पहिला प्रश्न दोन स्ट्रोक की चार स्ट्रोक. दोन स्ट्रोकचं हलकं, ताकदीला तिखट, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. चार स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं, पेट्रोल साधंच, आवाज आणि धूरही कमी. माझं स्पष्ट मत आहे: मशीन तुम्ही एकटेच चालवणार असाल आणि मापानं मिसळायची शिस्त असेल तर दोन स्ट्रोक घ्या. गडी बदलत असतील, मशीन भावकीत फिरत असेल, तर चार स्ट्रोकच घ्या. आमच्या एका मशीनमध्ये नव्या गड्यानं घाईत साधं पेट्रोल भरलं. दहा-पंधरा मिनिटांत इंजिन जाम झालं. पिस्टनवर उभे चरे, सिलिंडर गेला. त्यात गड्याची काय चूक? टाकीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. आता प्रत्येक टाकीवर ऑइल पेंटनं लिहिलंय: "ऑइल मिसळून" किंवा "साधं पेट्रोल".

दुसरा प्रश्न खांद्याला लटकवायचं की पाठीवरचं. सपाट जागेला खांद्याचं बरं, ताबा चांगला राहतो. बांधावर, उतारावर, भाताच्या खाचरांच्या कडेला पाठीवरचं सोयीचं, कारण दांडा वाकड्यातिकड्या जागी फिरवता येतो. इंजिन साधारण ३५ सीसीचं असलं की घरच्या आवाराला पुष्कळ. ५० सीसीचं मशीन विक्रेता आग्रहानं दाखवेल, पण ते दिवसभर पेलायला तसा माणूस लागतो. दुकानातच पट्टा लावून, टाकी भरून, दहा मिनिटं उभे राहून बघा. पट्टा नीट बसला असेल तर हात सोडल्यावर पातं जमिनीच्या थोडं वर आपोआप तरंगतं. ते टेकत असेल किंवा वर उचललं जात असेल तर संध्याकाळी कंबर बोलते.

दोन गुंठ्यांच्या आतलं शहरातलं अंगण असेल, तर बॅटरीवरचं मशीन बघायला हरकत नाही. टिळकवाडी-हिंदवाडीतल्या बंगल्यांना ते शोभतं. जांबोटीच्या रानाला नाही.

सुटे भाग कुठे मिळतात हे बिल करायच्या आधी विचारा. मी तीनच गोष्टींची नावं घेतो: कार्ब्युरेटरचा डायफ्राम, स्टार्टरची स्प्रिंग, क्लच. "ऑर्डर देऊन मागवू" असं उत्तर आलं तर बाहेर पडतो. बेअरिंग, सील, बुश असलं काही असेल तर आपल्याकडे चिंता नाही. फौंड्री आणि लेथवर वाढलेलं शहर आहे हे, उद्यमबागेत कुणीतरी बनवूनही देतो. पण डायफ्राम कुणी बनवून देत नाही.

काय लावून कापायचं: कोवळ्या गवताला आणि भिंतीच्या, कट्ट्याच्या कडेला नायलॉनची दोरी, २.४ ते ३ मिलिमीटर जाडीची. जून, जाड गवताला तीन दात्यांचं पातं. झुडपांना गोल, जास्त दात्यांचं. दोरी वापरायच्या आदल्या दिवशी बादलीत पाण्यात घालून ठेवा. वाळलेली दोरी ठिसूळ होऊन सारखी तुटते, भिजलेली लवचिक राहते. पात्याची नट उलट्या आट्यांची असते, हे माहीत नसल्यामुळे किती जणांनी पाना मारून मारून आटे घालवलेत! नेहमीच्या उलट दिशेला फिरवा, सुटते. पात्याला बारीक जरी चीर दिसली तरी फेकून द्या. वेल्डिंग करून आणलेलं पातं मी हातात घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

कापायला सुरुवात करण्याआधी आवारात काठी आपटत एक फेरी मारा. साप असेल तर निघून जातो, शिवाय बाटल्यांच्या काचा, तारेचे तुकडे, दगड दिसतात. डोळ्यांना गॉगल, पायात गमबूट, फुल पँट. आजूबाजूला १५ मीटरच्या आत कुणी नको, पोरं तर अजिबात नको, कारण पात्याखालून उडालेला खडा गोफणीसारखा जातो. पात्यावरचं गार्ड कापताना अडतं म्हणून गडी काढून ठेवतात. बसवा म्हणून सांगा, ऐकत नसतील तर काम थांबवा. उजवीकडून डावीकडे झोके घेत चला. पात्याची पुढची उजवी बाजू बुंध्याला किंवा दगडाला लागली की मशीन झटक्यात मागे उलटतं, तेव्हा बुंध्याजवळ दोरीच लावा.

काँग्रेस गवत असेल तर फुलं यायच्या आधीच काढा. फुलल्यावर कापलंत तर बी सगळ्या आवारात पसरतं, आणि परागानं खाज, शिंका, दमा मागे लागतो. त्या दिवशी तोंडाला फडकं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.

पेट्रोल: सगळं इथेच बिघडतं

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. गाडी रोज फिरते, टाकी रिकामी होते, त्यामुळे तिला फारसं जाणवत नाही. गवताचं मशीन मात्र दहा दिवस उभं असतं, आणि तेही आपल्या पावसाळ्यात, जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी ठराविक प्रमाणाच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. मशीन तळाचंच ओढतं. दोन स्ट्रोकमध्ये तर आणखी वाईट: मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, तळाच्या थरात ते जवळजवळ नसतंच. म्हणजे तुम्ही मापानं मिसळूनही इंजिनाला कोरडंच पाजता.

हे डोळ्यांनी बघता येतं. काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं जुनं पेट्रोल घ्या, अर्धा तास न हलवता ठेवा, मग उजेडासमोर धरा. चांगलं पेट्रोल वरपासून खालपर्यंत एकसारखं आरपार दिसतं. बिघडलेलं असेल तर ते गढूळ दिसतं, किंवा तळाशी एक बारीक रेघ आणि तिच्याखाली वेगळ्याच रंगाचा थर दिसतो. बाटली हळूच कलती केली की तो थर पाऱ्यासारखा एकत्र सरकतो. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. असं पेट्रोल कुठल्याही इंजिनात घालू नका आणि गटारातही ओतू नका; गॅरेजवाल्याला पार्ट धुवायला द्या.

म्हणून नियम असे. पेट्रोल लिटर-दोन लिटरच आणा, पेट्रोलसाठीच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये. ऑइल मिसळलेलं महिन्याच्या आत संपवा. मी तर पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर ठेवत नाही. कॅन शक्यतो भरलेला ठेवा, अर्ध्या कॅनमधली दमट हवाच पाणी देते. मिश्रण कॅनमध्ये करा आणि हलवा, टाकीत कधीच करू नका. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असेल तेच घ्या: ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलि, ४० ला १ असेल तर २५ मिलि, २५ ला १ असेल तर ४० मिलि. मापाला औषधाच्या बाटलीचं झाकण किंवा सिरिंज वापरा, अंदाज नको. इथेनॉल किती टक्के चालतं हेही पुस्तिकेत बघा. बऱ्याच छोट्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच असं छापलेलं असतं. तुमचं तसं असेल तर "काम संपलं की टाकी मोकळी" हा नियम रोजचाच करा.

मोकळी म्हणजे कशी: टाकीतलं कॅनमध्ये ओता, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. दोन-तीन मिनिटं लागतात. ती दोन-तीन मिनिटं वाचवण्यापायी लोक दरवर्षी कार्ब्युरेटर साफ करायला पैसे घालतात.

रोजची आणि आठवड्याची देखभाल

काम झालं की गवताचा चोथा गार्डखालून, इंजिनाच्या पंख्याच्या जाळीवरून ओला असतानाच काढा. वाळला की सिमेंट होतं. जाळी बुजली की इंजिन तापतं.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा. पावसाळ्यात वाळायला दीड-दोन दिवस जातात, म्हणून दुसरा स्पंज आणून ठेवा. स्पार्क प्लग दर महिन्याला काढून टोक बघा. चॉकलेटी म्हणजे उत्तम. काळं आणि ओलं म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. आधी फिल्टर तपासा. पांढरं पडलेलं असेल तर इंजिन तापतंय, कुठेतरी हवा खेचतंय किंवा ऑइल कमी आहे. चालवू नका, मिस्त्रीला दाखवा. प्लगच्या टोकाची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर.

दांड्याच्या टोकाला, पात्याच्या वर, गिअरची पेटी असते. तिच्या बाजूला एक स्क्रू आहे. तो काढून साधारण २५ तासांच्या कामानंतर लिथियम ग्रीस भरायचं, ठासून नाही. हे बहुतेक कुणी करत नाही, आणि ओल्या गवतात हीच पेटी सगळ्यात आधी जाते. हात लावून बघा: काम करताना ती कोमट असावी, चटका बसता कामा नये.

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर पातं फिरत राहत असेल तर आयडलिंगचा स्क्रू थोडा कमी करा. तरी थांबत नसेल तर क्लचची स्प्रिंग तुटलीय. चार स्ट्रोकचं ऑइल पहिल्यांदा १० तासांनी, पुढे ५० तासांनी बदला. एवढ्याशा इंजिनात ऑइलही शंभर मिलिच्या आसपासच मावतं, त्यामुळे थोडं कमी झालं तरी ते लगेच लागतं.

पाणी उपसायचा पंप

माझी सगळ्यात मोठी चूक पंपाच्या खरेदीत झाली. शहरातल्या घराच्या तळघरात पाणी यायचं. दुकानात "पाणी काढायला पंप द्या" म्हणालो. त्यांनी विहिरीवर लावतात तसा, ३० मीटर उचलणारा पंप दिला. मला पाणी उचलायचं होतं तीन मीटर. जास्त उंचीचा पंप कमी उंचीवर चालवला की तो पाणी जास्त फेकतो, त्याबरोबर मोटरवरचा भारही वाढतो. मोटर तापून दर वीस मिनिटांनी ट्रिप व्हायची. शिवाय गाळानं इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चक्र) अडकायचा. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नव्हता, मी आकडा सांगितलाच नव्हता.

तर आकडे असे सांगा. एक, पाणी किती उचलायचंय: साचलेल्या पाण्याच्या पातळीपासून सोडायच्या जागेपर्यंतची उभी उंची. दोन, पाइपची लांबी. तीन, किती वेळात काढायचंय. उदाहरण घ्या: ६ मीटर बाय ४ मीटरचं तळघर, ३० सेंटिमीटर पाणी. ६ गुणिले ४ गुणिले ०.३ म्हणजे ७.२ घनमीटर, सात हजार दोनशे लिटर. मिनिटाला २०० लिटर फेकणारा पंप ते ३६ मिनिटांत काढतो. पण पेटीवर छापलेला मोठा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमच्या उंचीला किती, हे आत दिलेल्या तक्त्यात बघा. चार, पाणी कसलं: स्वच्छ, गढूळ की चिखल. पंपातून किती मिलिमीटरचा खडा पार होतो हे तक्त्यात दिलेलं असतं.

वीज असेल आणि खड्डा असेल तर पाण्यात सोडायचा छोटा मड पंप, फ्लोट स्विचचा, घरासाठी सर्वात सोयीचा. पाणी चढलं की आपोआप चालू, उतरलं की बंद. तो वायरीला धरून कधीच उचलू नका. हँडलला नायलॉनची दोरी बांधा. त्याची मोटर पाण्यानंच गार होते, म्हणून कोरडा चालवू नका. खाली दोन विटा ठेवा किंवा जुन्या प्लास्टिक बादलीला भोकं पाडून तिच्यात पंप ठेवा, म्हणजे पानं आणि प्लास्टिकच्या पिशव्या येत नाहीत. पाइपला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावा, नाहीतर पंप बंद झाला की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात.

भारी पावसात वीज नेमकी तेव्हाच जाते. शेताच्या किंवा नाल्याच्या कडेला असाल तर पेट्रोलवर चालणारा दोन इंची पंप जवळ असावा. तो जमिनीवर राहून पाणी खेचतो, आणि खेचायला मर्यादा आहे: सहा मीटरच्या खालचं पाणी येईल अशी आशा करू नका. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, त्यामुळे कोकणातल्या पंपापेक्षा आपल्याकडे पाऊण मीटर कमीच खेचलं जातं. पंप पाण्याच्या जितका जवळ ठेवाल तितकं बरं. सक्शनचा, म्हणजे पाणी खेचायचा पाइप तारेचा कडक हवा, डिलिव्हरीचा, म्हणजे बाहेर सोडायचा, चपटा चालतो. पाणी येत नसेल तर दहापैकी नऊ वेळा सक्शनच्या जोडात हवा शिरतेय: क्लॅम्प घट्ट करा, रबरी वॉशर बदला, जाळी पूर्ण बुडलीय का बघा. सुरू करण्याआधी पंपाचं पोट पाण्यानं भरा. कोरडा चालवला की मेकॅनिकल सील मिनिटा-दोन मिनिटांत जळतं. पाणी आलंच नाही तर लगेच बंद करा.

पेट्रोलवरचा पंप तळघरात, बंद खोलीत, व्हरांड्याच्या आतल्या बाजूला कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

नदीकाठच्या गावांची गोष्ट वेगळी. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णेचं किंवा मार्कंडेयचं पाणी आत शिरलं असेल, बाहेर अजून तेवढंच पाणी असेल, तर तळघर उपसायची घाई करू नका. आतलं पाणी काढलं की बाहेरच्या भिजलेल्या मातीचा सगळा दाब भिंतीवर येतो; दगड-मातीची भिंत आत कोसळू शकते. बाहेरचं उतरू लागलं की आतलं टप्प्याटप्प्यानं, दोन-तीन दिवसांत काढा. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि उपसलेलं पाणी शेजाऱ्याच्या परसात सोडू नका. आधी बोला, पाइप थोडा लांब घ्या.

वीज

साचलेल्या पाण्यात प्लग पॉइंट बुडालेला असेल तर आत पाय टाकण्याआधी मेन स्विच बंद. मीटरच पाण्याच्या बाजूला असेल तर लाइनमनला बोलवा, स्वतः जाऊ नका. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. वायर तीन कोअरची, दीड-दोन किलोवॉटच्या यंत्राला २.५ चौरस मिलिमीटरची. जोड पाण्यात नको, एक्स्टेन्शनची पेटी खुंटीला टांगा. अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातंय का, हे मे महिन्यात इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

शेवाळ

पाण्याच्या झोताचं मशीन, प्रेशर वॉशर, आता घरोघरी दिसतं. घराला १०० ते १३० बारचं पुरे. पण आपल्याकडे जांभ्याच्या भिंती आणि कट्टे आहेत, तिथे जपून. जांभा मऊ, आणि सांध्यांमधला चुना-सिमेंट त्याहून मऊ. गोल फिरणारं नोझल जांभ्यावर वापरलंत तर शेवाळाबरोबर भिंतही निघते. पंख्यासारखा पसरट झोत, हातभर अंतर, आधी कोपऱ्यात बघून मग पुढे. शहाबादी फरशीला आणि सिमेंटच्या वाटेला चालतं. मंगलोरी कौलांना लावू नका. झोत कौलाखाली शिरून पाणी थेट माळ्यावर उतरतं. कौलं आणि पन्हळी मे महिन्यात, कोरडं असताना, खराट्यानंच.

पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून, वीस मिनिटांनी ताठ ब्रशनं घासलं तरी काम होतं, तुळशीच्या मुळाशी जाऊ देऊ नका एवढंच. आणि ब्लीचिंगवर संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही ओतू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसं जाळतो.

वॉशर बंद केल्यावर ट्रिगर दाबून आतला दाब सोडा, नळाकडची बारीक जाळी धुवा. बस.

दिवाळीनंतर ठेवताना, रोहिणीत उठवताना

सगळ्या टाक्या वरच्या पद्धतीनं मोकळ्या. पंपाच्या इंजिनाला कार्ब्युरेटरच्या वाटीखाली एक बोल्ट असतो, तो सैल करून राहिलेलं थेंबभरही काढा. पंपाच्या पोटातलं पाणी खालच्या बुचानं सोडा, एकदा स्वच्छ पाण्यानं धुवून घ्या, गाळ आत वाळता कामा नये. ऑइल हंगाम संपल्यावर लगेच बदला. जुनं आम्लयुक्त ऑइल सहा महिने आत ठेवण्यात शहाणपण नाही. स्पार्क प्लग काढून तीन-चार थेंब ऑइल आत सोडा, स्टार्टरची दोरी दोन वेळा हळू ओढा, प्लग लावा, आणि दोरी जड लागेल तिथे थांबवून ठेवा. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधा. आमच्या पंपाच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं, आणि आम्ही दिवसभर कार्ब्युरेटर उघडत बसलो होतो. पाइप गुंडाळून उन्हापासून दूर ठेवा, यंत्रं जमिनीवरून उचलून फळीवर, प्लास्टिकऐवजी पोत्यानं झाकून. प्लास्टिकच्या आत पाणी धरतं.

मग रोहिणी नक्षत्र लागलं की, म्हणजे २५ मेच्या सुमारास, मृगाला अजून दोन आठवडे असताना, एक सकाळ काढा. फडकं सोडा, सायलेन्सरमध्ये टॉर्च मारून बघा. ताजं पेट्रोल घाला, पाइपाला चिरा आहेत का वाकवून बघा, पात्याची नट, पट्ट्याचं बक्कल, गिअरचं ग्रीस. मड पंप बादलीत बुडवून दोन मिनिटं चालवा, फ्लोट हातानं उचलून चालू-बंद होतोय का पाहा. गवताचं मशीन सुरू करून पाच मिनिटं तापू द्या. जे चालणार नाही ते त्याच दिवशी मिस्त्रींकडे न्या, कारण मृगाचा पहिला पाऊस पडला की त्यांच्या दारात सगळ्या तालुक्याची यंत्रं उभी असतात. आमच्याकडे प्रत्येक यंत्राच्या वर खिळ्याला एक पुठ्ठा टांगलाय: पेट्रोल कुठलं, शेवटचं ऑइल केव्हा, ग्रीस केव्हा, प्लग केव्हा. पेन्सिल त्याच खिळ्याला सुतळीनं बांधलीय.